तिसऱ्या पायरीपर्यंत

माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसत होतं.
माझ्या लॅपटॉपवर सगळं नेहमीच नीट दिसतं,
म्हणून तर त्याच्या शब्दावर जायचं नसतं.

दिघेकाका रावपुऱ्यात लग्नपत्रिका छापतात,
मराठी, गुजराती, कुणी हट्टच धरला तर इंग्रजी.
आता गिऱ्हाइकाला घरबसल्या नमुने हवेत,
म्हणून ते दांडिया बाजारातला आमचा जिना चढून आले,
एका हातात शेवउसळीचं पार्सल,
दुसऱ्यात रबर लावून धरून ठेवलेला फोन.
काय टाइप करू? म्हणाले.

लोकलहोस्ट, मी सवयीनं बोलले
आणि जीभ चावली.
लोकलहोस्ट म्हणजे ‘इथे’.
आणि ‘इथे’ जो म्हणतो
त्याच्याच अंगणात तो शब्द पडतो.
काकांच्या फोननं स्वतःचाच खिसा चाचपला
आणि हात रिकामा बाहेर काढला.

मग सर्व्हरला समजावलं,
बाबा रे, एकट्याशीच पुटपुटू नकोस.
चार शून्यं लिहिली, मधे टिंबं,
म्हणजे कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची.
फायरवॉलनं दार किलकिलं करून विचारलं, कोण?
आपलेच आहेत, म्हटलं.

एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट,
टिंब, एक, टिंब, चौदा,
मग दोन टिंबं, एकावर एक.
विसर्ग, काका म्हणाले. विसर्ग कुठल्या घरात आहे?
एका बोटानं ते अंक उचलत होते,
खिळ्यांच्या पेटीतून उचलावेत तसे,
प्रत्येक अंक एकदा उजेडात धरून.

तरी उघडेना.
फोन मोबाइल डेटावर, गावभर भटकत.
त्याला घरात घेतलं. पासवर्ड,
आत्याच्या मेलेल्या मांजरीचं नाव.

आत्याच्या टॅबवर गणपतीच्या सोंडेवर
‘निवडा’चं बटण येऊन बसलं होतं.
बाबांच्या फोनवर हळदीचा पिवळा रंग
आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा.
हे सगळं मी लिहून घेत होते, तेवढ्यात
काका आधी हसले, मग गप्प झाले.
फोन माझ्यासमोर धरला.

नमुन्याच्या पत्रिकेतली नवरी,
चि. सौ. कां. मंदाकिनी कऱ्हाडे.
त्यांच्या जुन्या फोनला तो अर्धा ऱ जोडता आला नव्हता.
पाय मोडलेला र एकीकडे,
आणि मग, थोडी जागा सोडून,
हाडे.

शुभकार्यात हाडे, काका म्हणाले,
बघ ने, काय छापलंस.

पुढे ते बराच वेळ त्या अक्षराबद्दलच बोलत राहिले.
शिशाच्या दिवसांत हाच ऱ कमी पडायचा.
गुजरातीला तो लागत नाही,
इथल्या ओतारीकडे त्याचा साचाच नव्हता.
पुण्याहून मागवायचे, कागदात गुंडाळून, मोजके वीस.
लग्नसराईत दोन कऱ्हाडे आणि एक गोऱ्हे
एकाच दिवशी आले
तर एकाला म्हणावं लागे, तुमचं उद्या.

उसळ गार झाली.
मी फॉन्ट पानासोबतच बांधून दिला,
फोनच्या भरवशावर ठेवला नाही.
काकांनी बोटानं पान खाली ओढलं, सोडलं.
ऱ आला. ह-ला चिकटून, पापणीच्या केसाएवढा.
त्यांनी चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला.

मग, कुणाला दाखवायचं होतं कुणास ठाऊक,
फोन उघडा धरून ते जिना उतरू लागले,
एकेका पायरीवर थांबून पान ताजं करत.
पहिलीवर मंदाकिनी होती.
दुसरीवर होती.
तिसरीवर चाक फिरत राहिलं, पण आली.
चौथीवर गेली.
ते परत एक पायरी वर चढले. आली.
कठड्यावर तिथेच अंगठा दाबून म्हणाले, इथवर.

रात्री फोन. अग, आकडे सगळे टाकले,
विसर्गसुद्धा. उघडत नाही.
काका, तो घरातला पत्ता आहे,
घराबाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

पलीकडे थोडा वेळ छपाईचं यंत्र ऐकू आलं.
बरं, म्हणाले,
मग कऱ्हाड्यांना उद्या
तुझ्या जिन्यावरच घेऊन येतो.